दिंडोरीची सुतळी

पाहुण्यांना बोटीवर बोलावू नये. बोलावलंच तर जेटीवरच त्यांच्या पिशव्या तपासाव्यात आणि एखादीत सुतळीचा गुंडा सापडला तर तो तिथल्या तिथे काढून घ्यावा. हे शहाणपण मला गेल्या मे महिन्यात आलं, आणि आलं तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता.

नाशिकच्या बाईने समुद्रात शिडाची बोट ठेवावी हेच मुळात लोकांना पटत नाही. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मला ‘त्या बोटवाल्या बाई’ म्हणतात. उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलं, पण त्याचं कुणाला काही नाही. शीड हाताळायला मी शिकले ती गंगापूर धरणाच्या पाण्यावर, चांगली पोक्त झाल्यावर. नवरा होता तेव्हाही हा नाद माझाच. तो काठावर खुर्ची टाकून पेपर वाचायचा आणि मी पाण्यात कलंडले की पेपर जरा खाली करून बघायचा, बस्स. तो गेला, मी रिटायर झाले आणि धरण मला पुरेना. मग कोकणातल्या एका खाडीत जुनी बोट घेतली. एक डोलकाठी, एक मोठं शीड, पुढे एक लहान, दोन माणसं अंग चोरून झोपतील एवढी केबिन आणि मागे एक खोकणारं इंजिन. एवढाच माझा संसार, आणि मला तो फार आवडतो.

त्या मे महिन्याच्या आदल्या वर्षी मी जेटीवरच्या शेवाळावरून घसरले आणि उजवं मनगट मोडून घेतलं. ते जोडलं, पण धड जोडलं नाही. पोळ्या लाटता येतात, गाडी चालवता येते, पण ओला दोर हिसका देऊन ओढायचा म्हटलं की मनगट संप पुकारतं. बेंगळुरूची लेक नोकरी वाऱ्यावर सोडून माझ्याजवळ येऊन राहिली होती. परत जाताना तिने वचन घेतलं. “आई, एकटीने समुद्रात जायचं नाही. नेहमी बरोबर येईल असं एक माणूस शोध. पावसाळ्याच्या आत नाही सापडलं तर बोट विकायची.” रडून रडून तिचे डोळे सुजले होते, म्हणून मी हो म्हटलं. पोरीने लगोलग मुंबईचं गिऱ्हाईकही शोधून ठेवलं. ते मे महिन्यातच बोट बघायला येणार होतं.

म्हणून मी या तिघांना बोलावलं. “चला, समुद्रावर निवांत फिरवून आणते,” असं गोड बोलून. खरं कारण कुणालाच सांगितलं नाही. या तिघांपैकी एक, फक्त एक माणूस मला हाताशी हवं होतं.

तिघं म्हणजे कोण? आमच्या वरच्या मजल्यावरचे डॉक्टर, आता दवाखाना मुलाकडे सोपवून मोकळे झालेले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी. आणि माझी दिंडोरीची मैत्रीण. ही नाशिकला कॉलेजात असताना माझ्याबरोबर होस्टेलवर होती, पुढे लग्न होऊन द्राक्षबागेत जी गेली ती कायमची. आज सगळी बाग तीच बघते. तिची तारीख मिळवणं म्हणजे दिव्य. कधी फवारणी, कधी माल काढायचा, कधी व्यापारी येणार. शेवटी एप्रिलची छाटणी उरकली तेव्हा बाईसाहेबांना सवड झाली. मी मनातल्या मनात भरवसा ठेवला होता तो डॉक्टरांवर. उंचेपुरे, रोज सकाळी फिरायला जाणारे, हात एकदम स्थिर. मैत्रिणीचा तर मी विचारही केला नव्हता, कारण तिला पोहता येत नाही आणि वारा म्हटला की तिच्या कपाळाला आठी पडते.

जेटीवर पोचलो आणि माझं डोकं फिरायला तिथूनच सुरुवात झाली. मी प्रत्येकाला बजावून सांगितलं होतं, एक मऊ पिशवी आणा, बस्स. वहिनींनी चाकांची सुटकेस आणली. शिवाय स्टीलचे डबे, पापडांचा पिंप, पावाच्या लाद्या आणि झाकणाला फडकं बांधलेली एक कळशी.

“यात काय आहे वहिनी?”

“तर्री.”

“तर्री?”

“अहो ताई, तिकडे कोकणात आपल्यासारखी मिसळ मिळते का? आपली आपण नेलेली बरी.”

चार तासांच्या सफरीला ही बाई कळशीभर तर्री घेऊन निघाली होती. तेवढ्यात ठण्णकन आवाज आला. वहिनी दोर गुंडाळायच्या चकचकीत चक्रावर नारळ फोडत होत्या. त्या चक्राची किंमत त्यांना सांगितली असती तर चक्कर आली असती. “समुद्राला नारळ अख्खा सोडतात वहिनी!” मी ओरडले. “मग प्रसाद कसा वाटायचा?” त्यांनी विचारलं.

खाडीतून बाहेर पडलो, इंजिन बंद केलं, शीड वर चढवलं. एरवी हा माझा आवडता क्षण. इंजिनाची खडखड थांबते, बोट जरा कलते आणि नुसता पाण्याचा आवाज येतो. त्या दिवशी नुसता डॉक्टरांचा आवाज आला.

“ताई, इंजिन का बंद केलंत?”

“शीड आहे ना, डॉक्टर.”

“हो, पण इंजिनवर लवकर पोचलो असतो. आपण पोचणार कधी?”

“पोचायचं नाहीये. फिरायचं आहे.”

“ते कळलं. पण पोचणार कधी?”

पुढे समुद्रात घुसलेल्या टेकाडापलीकडे एक शांत, वाळूची पुळण होती. तिथे नांगर टाकून जेवायचं आणि ऊन कलल्यावर परत यायचं, एवढाच बेत होता. तो मी डॉक्टरांना इतक्या वेळा समजावला की शाळेतल्या ढ पोरालाही पाठ झाला असता. ते दर थोड्या वेळाने मोबाइलवर वारा बघत आणि मला सांगत, जसा काही तो मला गालावर लागतच नव्हता. मध्येच म्हणाले, “ताई, जरा तो दोर ओढून दाखवा बरं.” मी ओढला. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि “हं” म्हणाले. मला वाटलं, शिकायची इच्छा आहे गड्याला. मी खूश झाले आणि सुकाणू त्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी असं धरलं की जणू ते कुणाचं तरी तान्हं बाळ होतं आणि आई पाच मिनिटांत येते म्हणून निघून गेली होती.

मैत्रीण एका बाजूला पदर खोचून बसली होती. गप्प. ही बाई आणि गप्प! अधूनमधून एखादा प्रश्न विचारायची.

“एकटीच येती व्हय तू इथं?”

“यायचे. आता नाही.”

“आन् हे सगळं तूच करती? वर चढवायचं, खाली घ्यायचं?”

“मग कोण करणार, माझा बाप?”

तिचे डोळे काही स्वस्थ नव्हते. ते बोटीवरच्या सुट्या दोरांवरून फिरत होते. कुठे एखादं टोक लोंबतंय, कुठे वेटोळं पसरलंय, आणि प्रत्येक ठिकाणी तिच्या कपाळाची आठी खोल होत होती. बागेत हिचं आयुष्य गेलं ते वेलींच्या काड्या तारेला बांधण्यात. नवी काडी सुटी राहिली, वाऱ्याने हलली की मोडली, आणि मोडली की वर्ष गेलं. त्यामुळे हिच्या पिशवीत सुतळीचा गुंडा आणि छाटणीची कात्री कायम असते, लग्नाला गेली तरी. माझ्या घरी आली की पडद्यांच्या दोऱ्या बांधते, खिडकीची कडी बांधते, एकदा तर माझ्या चष्म्याला सुतळी लावून दिली होती. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी तिची पिशवी तपासली नाही.

ऊन चढलं तसा समुद्रावरून वारा वाढायला लागला. तो मे महिन्यात दुपारी वाढतोच. बोट छान कलली, वेग घेतला आणि खालून केबिनमधून किंकाळी आली.

कळशी कलंडली होती.

मी खाली धावले. काय सांगू! तर्री गादीवर, तर्री नकाशावर, तर्री लाइफ जॅकेटांवर, आणि वहिनी त्या लाल ओघळात बसून पावाने तो पुसून घेत होत्या. “थोडीशीच सांडली हो ताई,” त्या म्हणाल्या. थोडीशी! अजूनही पावसाळी हवेत त्या केबिनमध्ये शिरलं की मिसळीचा वास येतो. मी फडकी शोधत होते, पुसत होते, तोंडाने जे येईल ते बोलत होते. तेवढ्या वेळात वरती माझ्या मैत्रिणीने पुण्यकर्म उरकून घेतलं.

मोठ्या शिडाचा एक दोर असतो. तो हातापाशी एका खाचेत अडकवलेला असतो आणि त्याचं शेपूट मुद्दाम सुटं ठेवतात. वारा फार झाला की दोराला वर हिसका द्यायचा. तो खाचेतून निसटतो, सरसर पुढे पळतो, शीड मोकळं होतं आणि बोट सरळ होते. बोटीवर जीव वाचतो तो सोडण्याने, बांधण्याने नाही. पण त्या दोराचं शेपूट फडफडत होतं. बाईंना बघवलं नाही. त्यांनी ते खाचेजवळच्या कठड्याला सुतळीने आवळून टाकलं, वेलीला मारतात तशी गाठ, दोन वेढे देऊन, वर पाणी लावून.

मी वर आले तेव्हा आम्ही टेकाडाच्या टोकाशी होतो. तिथे वारा वळून येतो आणि एकदम अंगावर पडतो. तसा तो पडला. बोट एका बाजूला अशी झुकली की कठडा पाण्यात गेला. डॉक्टरांनी सुकाणू सोडून डोलकाठीलाच मिठी मारली. मी दोराला हिसका दिला. तो खाचेतून सुटला, वीतभर सरकला आणि थांबला.

मला कळेना. मग ती सुतळी दिसली.

“कुणी बांधलं हे? कुणी बांधलं?”

“मी,” मैत्रीण म्हणाली. “लोंबत व्हतं.”

“सोड ते! सोड!”

पण ती बोटीच्या झुकलेल्या बाजूला घसरली होती, गुडघ्यापर्यंत पाण्यात. गाठीशी माझा हात पोचत होता. मी उजव्या हाताने गाठ ओढली आणि मनगटातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. बोटांत जोरच उरला नाही. पुन्हा ओढली, दातांनी ओढली. ओली सुतळी लोखंडासारखी घट्ट झाली होती. पोहता न येणारी माझी मैत्रीण डोळ्यांसमोर पाण्यात होती, आणि मला एक गाठ सुटत नव्हती. मी घाबरले. इतक्या वर्षांत पाण्यावर मी तेवढी कधी घाबरले नव्हते.

तिने एका हाताने कठडा धरला, दुसऱ्याने पिशवीतून कात्री काढली, कोपरांवर सरपटत वर आली आणि कच्चकन कापलं. सुतळी कापायची ती सुतळीसकट दोरच कापला! दोर सळसळत निघून गेला, शीड उघडं पडून फडफडायला लागलं आणि बोट धाडकन सरळ झाली. खालून वहिनींचा आवाज आला, “अहो, आता उरलेलीही सांडली!”

मी इंजिन लावलं, बोट टेकाडाच्या आडोशाला नेली आणि नांगर टाकला. आणि मग तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. “ही तुझी बाग आहे का? दिसलं की बांध, दिसलं की बांध! अक्कल गहाण ठेवून आलीस का दिंडोरीला?” ती ओल्या लुगड्याने बसून राहिली. डॉक्टर समुद्राकडे बघत होते. माझं मनगट भाकरीसारखं फुगलं होतं. मनात एकच विचार होता, संपलं. या तिघांतलं एकही कामाचं नाही. आता येऊ दे ते मुंबईचं गिऱ्हाईक.

तेवढ्यात आडोशाला रेंज आली आणि डॉक्टरांचा फोन वाजला. ते दचकले, माझ्याकडे पाठ करून हळूच म्हणाले, “हो बेटा. हो, बघितलं. नंतर बोलतो.”

“कोण बेटा?” मी विचारलं.

वहिनींच्या पोटात काही राहत नाही, तर्रीसुद्धा. त्या म्हणाल्या, “अहो ताई, तुमचीच लेक. तिनेच सांगितलं होतं आम्हा तिघांना, बरोबर जा आणि आईला अजून झेपतंय का ते नीट बघून या.”

म्हणजे हे मला तपासायला आले होते! ‘दोर ओढून दाखवा’ ते यासाठी होतं तर! पाहुणचार मी करायचा, नाश्ता मी घालायचा आणि हे माझी परीक्षा घेणार. ओरडायचीही सोय नव्हती, कारण मीही दुसरं काय करत होते? पण राग काही गेला नाही.

मैत्रिणीने डॉक्टरांच्या हातातून फोन घेतला. “द्या हिकडं. मी बोलते.” तिने लेकीला परत फोन लावला. मला वाटलं, आता ही मला सांभाळून घेईल. एवढं तरी करेल.

“हां, मावशी बोलतीये. ऐक. हात नाय चालत तुझ्या आईचा. दोर मीच बांधून ठेवला व्हता, चूक माझी. पण तिला गाठ सुटली नाय, हेबी खरं हाय. मी डोळ्यांनी पाहिलं.”

मला तो फोन समुद्रात भिरकवावासा वाटला. चाळीसएक वर्षांची मैत्री, आणि ही बाई माझी बोट माझ्याच डोळ्यांदेखत विकत होती.

“पर विकायची नाय,” ती पुढे म्हणाली. “मी येत जाईन हिच्यासंगं. छाटणीचे दिस सोडून. त्या गिऱ्हाइकाला नको म्हन.” पलीकडून लेक काहीतरी बोलली. “पोहता नाय येत तर जाकीट हाय की. आन् शिकंन.” आणि फोन ठेवून दिला.

“तू?” मी म्हटलं. “तुला तर वारा नको असतो.”

“नकोच हाय.”

“मग?”

तेव्हा ती माझ्यावर चिडली. सकाळपासून गप्प बसलेली ती, एकदम. “गेल्या साली त्या जेटीवर तू पडली. कोळ्याची बाई येस्तोवर तशीच पडून व्हती, हात मोडका घेऊन. मला फोन नाय केला. महिन्याने तुझ्या पोरीकडनं कळलं मला! लय राग आला व्हता तुझा. आजबी हाय. मी काय मेले व्हते का?”

खरंच मी तिला फोन केला नव्हता. तेव्हा तिची ऑक्टोबरची छाटणी चालली होती, कशाला त्रास द्यायचा, असं मनाशी म्हटलं होतं. डॉक्टर खाली केबिनमध्ये जाऊन वहिनींना गादी पुसू लागले. मी तोंड फिरवून डोळे पुसले आणि म्हटलं की तिखट लागलं.

कोरड्या पापडांबरोबर वहिनींच्या डब्यातली मटकी खाऊन आम्ही परत निघालो. सुट्या सामानात एक जास्तीचा दोर होता. माझं मनगट निकामी, म्हणून मी सांगत गेले आणि तिने तो शिडाच्या कप्प्यांतून, त्या लहान चाकांतून, ओवला. चुकली, पुन्हा ओवला. मी तिच्यावर ओरडत होते आणि तीही माझ्यावर ओरडत होती. शीड चढवलं. दोर तिच्या हातात दिला आणि शेपूट तिच्या पायाशी सुटं टाकलं. ते वाऱ्याने हलत होतं. तिची नजर त्याच्यावर गेली, मग पिशवीवर गेली.

“खबरदार,” मी म्हटलं.

टेकाडाच्या टोकाशी वारा पुन्हा अंगावर आला. बोट झुकली. तिचा चेहरा पांढराफटक पडला, बोटं दोरावर आवळली. मी सुकाणूवर होते, दोराला हातही लावू शकत नव्हते. “सोड,” मी हळू म्हटलं. तिने डोळे घट्ट मिटले आणि सोडला. दोर सरसर पळाला, बोट सरळ झाली. तिने डोळे उघडले आणि बघितलं, काही मोडलं नव्हतं.

मग खाडीपर्यंत तिने तो दोर दोन्ही हातांत धरून ठेवला. वाटेत वहिनींनी नारळाचा तुकडा दिला तर तोंड पुढे करून खाल्ला, पण हात काढला नाही, आणि दोर एकदाही कशाला बांधला नाही.